कच्चे प्लास्टर, पक्के प्लास्टर

हाड मोडले की प्लास्टर घालावे लागते, हे सर्वांना ठाऊक आहे. मात्र कोणते प्लास्टर केव्हा योग्य, हे मोडलेले हाड, त्याचे स्थैर्य आणि भोवतीची सूज पाहून ठरविले जाते.

जिप्सम भाजून केलेली पूड कापडी पट्टीत भरून, ती ओली करून अवयवाभोवती गुंडाळण्याची पद्धत डच लष्करी शल्यचिकित्सक आंटोनियस मॅथाइसेन यांनी १८५२ साली प्रसिद्ध केली. ही पट्टी काही मिनिटांत घट्ट होते. पूर्ण वाळून मजबूत होण्यास मात्र दोन-तीन दिवस लागतात.

दुखापतीनंतरच्या पहिल्या काही दिवसांत सूज वाढत असते. म्हणून डॉक्टर पुष्कळदा प्रथम कच्चे प्लास्टर, म्हणजे एका बाजूने आधार देणारी पट्टी, बांधतात. तिच्यात सुजेला जागा मिळते. सूज उतरल्यावर अवयवास चहूबाजूंनी वेढणारे पक्के प्लास्टर घालतात. कच्चे प्लास्टर म्हणजे अपुरा उपचार, हा समज चुकीचा आहे.

फायबरग्लासचे प्लास्टर हलके व टिकाऊ असते आणि लवकर वाळते. पण ते महाग पडते. साध्या प्लास्टरला मोडलेल्या भागाप्रमाणे आकार देणे अधिक सोपे जाते. फायबरग्लास पाण्याने बिघडत नसले, तरी आतील कापूस भिजून त्वचेस अपाय होऊ शकतो. तेव्हा महागडे तेच उत्तम, असे मानू नये.

प्लास्टर कोणतेही असो, घरच्यांनी दक्ष राहावे. हात किंवा पाय उशीवर उंच ठेवावा व बोटे हलवीत राहावे. आत काडी घालून खाजवू नये. वेदना औषधानेही न थांबता वाढू लागल्या, बोटे बधिर, थंड, निळी वा पांढरी पडली, किंवा ती सरळ करताना असह्य कळ आली, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. आतील दाबाने रक्तपुरवठा अडला, तर काही तासांतच स्नायू कायमचे निकामी होतात. बांबूच्या कामट्यांनी करकचून बांधलेल्या हातापायांनाही हाच धोका असतो. वेळीच बंधन सैल केले, तर अवयव वाचू शकतो.