कॅसलटाऊन : एक आयरिश वाडा व त्याचा परिवार

आयर्लंडांतील जुन्या जमीनदारांच्या वाड्यांचें वर्णन वाचतांना मुख्य इमारतीच्या थाटावरच बहुधा लक्ष खिळतें. परंतु आमच्या मतें अशा वाड्याचें मर्म त्याचा तबेला, मुदपाकखाना व कोठार पाहिल्यावांचून कळत नाहीं. म्हणून किल्डेअर परगण्यांतील सेल्ब्रिज गांवचा कॅसलटाऊन हा वाडा आम्हीं येथें उदाहरणादाखल घेतला आहे.

विल्यम कोनोली यानें इ. स. १७२२ त हा वाडा बांधावयास घेतला. त्याचा बाप डोनेगॉलकडील एक साधा उतारगृहवाला. मुलगा मात्र आयरिश पार्लमेंटाच्या कॉमन्स सभेचा अध्यक्ष झाला. युद्धांत हरलेल्या पक्षाच्या जप्त जमिनींच्या घेवदेवींत त्यानें अपार धन मिळविलें. या देखण्या भिंतींच्या पायांत दुसऱ्यांच्या गेलेल्या जमिनी आहेत, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

दर्शनी भागाची योजना गालिलेई या इटालियन शिल्पज्ञाची. तळघरावर तीन मजले, ओळीनें तेरा खिडक्या, असा तो इटलींतील प्रासादासारखा दिसतो. गालिलेई मात्र काम सुरू होण्यापूर्वींच, १७१९ त, स्वदेशीं परतला होता. पुढें एडवर्ड लव्हेट पिअर्स या तरुण शिल्पज्ञानें दोन्ही बाजूंस एकेक उपइमारत योजिली व ती वर्तुळखंडाकार स्तंभपंक्तीनें मुख्य घरास जोडली. पश्चिमेस मुदपाकखाना, पूर्वेस तबेला. धूर, आग व घोड्यांचा वास यांपासून घर मुक्त राहिलें, आणि त्याच वेळीं दर्शनाला रुंदी व डौल आला. सोळाव्या शतकांत पल्लाडिओनें इटलींतील शेतवाड्यांत अशीच युक्ति योजिली होती. (इतक्या दुरून येणारें जेवण पानांत पडेपर्यंत कितपत ऊन राहत असेल, हा प्रश्न निराळा!)

कोनोली १७२९ त वारला. घराचा मोठा जिना मात्र तीस वर्षांनंतर, लेडी लुइसाच्या कारकीर्दींत झाला. त्याच्या दगडी पायऱ्यांचें एक टोंक भिंतींत रुतविलेलें असून दुसऱ्यास खालून खांब नाहीं. प्रत्येक पायरी खालच्या पायरीच्या कडेवर टेकते, त्यामुळें भार क्रमाक्रमानें खालीं उतरतो.

१७३९ च्या अखेरीस भयंकर हिंवाळा पडून बटाट्याचें पीक नासलें व दुष्काळांत कांहीं लाख माणसें मेलीं. तेव्हां कोनोलीची विधवा कॅथरिन हिनें १७४० त कमानींवर उभारलेला सुमारें १४० फुटी मनोरा बांधविला. लोकांस मजुरी मिळाली हें खरें, पण त्या मनोऱ्याचा दुसरा उपयोग कांहींच नव्हता. आम्हांस तिचें १७४३ चें कोठार अधिक पसंत आहे. लेक्स्लिपजवळचें हें कोठार शंकूसारखें निमुळतें असून बाहेरून ९४ पायऱ्यांचा जिना त्यास वेढीत माथ्यापर्यंत जातो. १७७० च्या दुष्काळानंतर, १७८६ त पुरें झालेलें पाटण्याचें गोलघर ज्यांनीं पाहिलें असेल, त्यांस याची कल्पना सहज येईल.

१९६५ त वंशजांनीं वाडा विकला. तो दोन वर्षें ओसाड राहिला. खिडक्या फुटल्या, छपरावरील शिसें चोरीस गेलें. १९६७ त डेस्मंड गिनेस यांनीं तो विकत घेऊन वांचविला व १९९४ त तो आयरिश सरकारच्या स्वाधीन झाला.