राळेगावची पऱ्हाटी, लबकचं विद्यापीठ

यवतमाळ जिल्ह्यातून अमेरिकेत शिकायला जाणारी बहुतेक मुलं संगणकाच्या शाखेची असतात. मी कापूस शिकायला आले. घर राळेगाव तालुक्यात, शेती कोरडवाहू. बी.एस्सी. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातून केलं, आणि आता टेक्सास टेक विद्यापीठाच्या वनस्पती व मृदा विज्ञान विभागात एम.एस. करते आहे. हे विद्यापीठ लबक नावाच्या शहरात आहे. शहर संपलं की सपाट माळ लागतो आणि त्या माळावर नजर जाईल तिथवर कापूस. अमेरिकेतला सगळ्यात मोठा सलग कापूसपट्टा तो हाच.

गावाकडच्या, अकोल्याच्या, यवतमाळच्या मुलामुलींचे फोन येत राहतात. त्यांना जे सांगते तेच इथं लिहिते आहे. यातलं पुष्कळसं एकाच गोष्टीभोवती फिरतं: इथं विचारावं लागतं. आपल्याकडं वर्गात, कचेरीत, कृषी केंद्रात गप्प राहणाऱ्याला शहाणं म्हणतात. इथं गप्प राहणाऱ्याला सगळं कळलेलं आहे असं समजून लोक पुढं निघून जातात.

१. पैशाचं आधी विचारा, आणि तपशिलात विचारा.

फोनवरचा पहिला प्रश्न पैशाचा असतो आणि तो तसाच असायला हवा. व्हिसाआधी विद्यापीठाकडून आय-२० हा कागद येतो. त्यावर वर्षाच्या खर्चाचा आकडा असतो आणि तेवढी रक्कम आपल्यापाशी आहे हे दाखवावं लागतं. तो आकडा पाहून आमच्या घरात बराच वेळ कोणी बोललं नव्हतं. बहुतेक बँका शैक्षणिक कर्जासाठी शेतजमीन तारण म्हणून घेत नाहीत. घर, अकृषक प्लॉट किंवा मुदत ठेव मागतात. त्यामुळं दहा एकर असलेलं घरही बँकेच्या लेखी रिकामंच ठरू शकतं. हे आधी माहीत असलं तर ऐनवेळी सावकाराच्या दारात जायची पाळी येत नाही.

आता विद्यापीठाकडून काय मिळू शकतं ते सांगते. टेक्सासच्या सरकारी विद्यापीठांत असा नियम आहे की स्पर्धेतून किमान १,००० डॉलरची शिष्यवृत्ती मिळाली, तर बाहेरच्या विद्यार्थ्यालाही टेक्सासच्या रहिवाशांचं शुल्क लावता येतं. शिष्यवृत्ती हजाराची, पण शुल्कातली सूट तिच्या कितीतरी पट. अर्धवेळ शिक्षण-सहायक किंवा संशोधन-सहायक म्हणून काम मिळालं तरी हाच लाभ मिळतो, शिवाय महिन्याचा पगार. हे काम आपोआप वाट्याला येत नाही. ज्या प्राध्यापकांचं संशोधन आपल्या विषयाचं आहे त्यांचे दोन-तीन लेख नीट वाचायचे आणि त्यांना थेट पत्र लिहायचं. आपण काय केलं आहे, काय करायचं आहे, त्यांच्याकडं जागा आणि पैसा आहे का, असं सरळ विचारायचं. कृषी शाखेत ही शक्यता इतर शाखांपेक्षा बरी असते, कारण शेतावर आणि प्रयोगशाळेत माणसं लागतातच.

राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे. आदिवासी आणि इतर मागास प्रवर्गांसाठीही अशा योजना आहेत. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर. तीही मागणी केल्यावर, सयाजीरावांपुढं उभं राहून मिळालेली होती. झरी-जामणी किंवा घाटंजीच्या मुलांना हे माहीत असायला हवं, आणि ते सांगणारं माणूस त्यांच्या कॉलेजात असायला हवं.

२. प्राध्यापकाच्या खोलीचं दार उघडं असतं, ते आपल्यासाठीच.

प्रत्येक विषयाचे प्राध्यापक आठवड्यातले ठरावीक तास फक्त विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवतात. त्या वेळात जाऊन काहीही विचारता येतं. आपल्याकडच्या मुलांना ते खरंच वाटत नाही. पहिल्या दिवशी हाती पडणाऱ्या अभ्यासक्रमपत्रिकेत हे तास, दर आठवड्याचं काम, गुणांची वाटणी, उशिरा दिलेल्या कामाचे किती गुण कापणार, सगळं छापलेलं असतं. वर्षाअखेर एकच मोठी परीक्षा नसते. दर आठवड्याला थोडं थोडं मोजलं जातं, त्यामुळं शेवटच्या पंधरा दिवसांत रात्री जागून भरून काढता येत नाही. एम.एस.ला सरासरी ३.० च्या खाली जाऊन चालत नाही. दुसऱ्याचं वाक्य उचलून आपल्या अहवालात घालणं हा इथं मोठा गुन्हा आहे, आणि 'सगळेच करतात' हे उत्तर कोणी ऐकून घेत नाही.

३. फवारणीबद्दल इथं जे शिकले ते आधी गावात कळायला हवं होतं.

यावर मी जरा थांबणार आहे.

विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर पाऊल ठेवण्याआधी कीटकनाशकांच्या सुरक्षेचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. हा केंद्र सरकारचा नियम आहे आणि शेतमजुरांनाही तो लागू आहे. प्रशिक्षण दर वर्षी पुन्हा होतं. कोणत्या तुकड्यात कधी, काय फवारलं ते एका ठरलेल्या जागी लिहून लावलेलं असतं. फवारणीनंतर किती तास आत जायचं नाही ते औषधाच्या लेबलवर असतं. काही औषधांना चार तास, काहींना दोन दिवस. काम चाललेल्या जागेपासून पाव मैलाच्या आत पाणी, साबण आणि पुसायचे कागद ठेवावे लागतात. मजुराला त्याच्या भाषेत समजावून सांगणं मालकावर बंधनकारक आहे.

पहिल्या प्रशिक्षणात मी बसले होते आणि मला २०१७ चा यवतमाळ आठवत होता. त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या डोक्याच्या वर गेली होती, दमट हवा होती, आणि फवारणाऱ्यांच्या अंगावर, तोंडावर औषध येत होतं. जिल्ह्यात वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर विषबाधेनं गेले, शेकडो दवाखान्यात होते. आमच्या गल्लीतल्या एका काकांना कित्येक दिवस नीट दिसत नव्हतं. त्या वेळी सर्रास वापरात असलेलं मोनोक्रोटोफॉस अमेरिकेत १९८८ पासून बंद आहे. मी कृषीचं शिक्षण घेऊनही ही तारीख मला लबकला येऊन कळली.

म्हणून आता घरी फोन केला की फवारणीच्या दिवसांत मी तेच विचारते: कोणतं औषध, लेबलवर काय लिहिलं आहे, फवारणारा कोण, त्यानं सकाळी जेवण केलं होतं का, हातमोजे दिले का. बाबा आधी वैतागायचे. आता तेच कृषी केंद्रात जाऊन लेबल वाचून दाखवायला सांगतात.

४. 'त्यायच्याकडची बोंडअळी गेली कुठं?'

हा प्रश्न बाबांनी विचारला होता, मी इथं आले त्याच महिन्यात. अमेरिकेच्या कृषी खात्यानं ऑक्टोबर २०१८ मध्ये गुलाबी बोंडअळी देशातून संपल्याचं जाहीर केलं. ती टेक्सासमध्ये १९१७ साली सापडली होती, म्हणजे शंभर वर्षं लढाई चालली. इकडं आमच्या जिल्ह्यात २०१७ च्या हंगामात त्याच अळीनं बोंडं पोखरली होती.

मी हा प्रश्न घेऊन प्राध्यापकांकडं गेले. उत्तर एका वाक्याचं नव्हतं. बीटी कापूस होता, पण एकटा नव्हता. ॲरिझोनातल्या फिनिक्समध्ये पतंग वाढवून त्यांना किरणोत्सारानं वांझ करत आणि विमानातून शेतांवर सोडत. रानातल्या मादीचा जोडा अशा नराशी लागला की पुढची पिढीच नाही. कामगंध सापळ्यांनी नजर ठेवली जाई. हंगाम संपला की ठरलेल्या तारखेच्या आत पऱ्हाटी कापून गाडावीच लागे. मेक्सिकोच्या उत्तर भागातही हेच काम एकाच वेळी चाललं, कारण पतंगाला सीमा नसते.

आपल्याकडं बीटी २००२ साली आलं. साडेचारशे ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाणं मिळे. ते बांधाकडेनं लावायचं असे, म्हणजे त्यावर जगलेल्या अळ्यांमुळं प्रतिकारशक्ती पसरायला वेळ लागतो. कितीजणांनी लावलं? का लावायचं ते कोणी समजावून सांगितलं? त्यात फरदड घेतली जाते, फेब्रुवारी-मार्चपर्यंत पऱ्हाटी उभी राहते आणि अळीला वर्षभर खायला मिळतं. चार लाख हेक्टरांहून जास्त कापूस असलेल्या जिल्ह्यात, तुकड्या-तुकड्यांच्या शेतीत, विमानातून पतंग सोडण्याची नक्कल होणार नाही, हे मला मान्य आहे. पण गावानं मिळून एका तारखेला पऱ्हाटी काढणं आणि फरदड सोडणं, याला विमान लागत नाही. बाबांना हे सगळं सांगायला मला दोन रविवार लागले. ते पुढं गावच्या पारावर त्यांनी त्यांच्या भाषेत सांगितलं, आणि ते माझ्यापेक्षा चांगलं सांगितलं असणार.

५. ज्वारी शोधा, सापडते.

खाण्याबद्दल आईच्या मैत्रिणींचे प्रश्न असतात. तूरडाळ, तिखट, हळद भारतीय दुकानात मिळतं. भाकरीचं मला वाटलं होतं की संपलं. पण लबकच्या आसपास कापसाखालोखाल ज्वारीच दिसते, फक्त ती जनावरांच्या खाद्यासाठी जाते. माणसांसाठी ज्वारीचं पीठ गव्हाची ॲलर्जी असलेल्यांच्या फळीवर, महाग दरानं मिळतं. भाकरी थापता येते, जरा चिरते.

या ज्वारीशी आपल्या जिल्ह्याचं नातं जुनं आहे. पुसद तालुक्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना त्यांनी संकरित ज्वारी महाराष्ट्रभर नेली. त्यातलं पहिलं वाण सीएसएच-१, १९६४ चं. त्याची मादी बाजू अमेरिकेतून आलेली होती. ज्वारीत असं संकरित बियाणं मोठ्या प्रमाणावर करता येईल, हा शोध स्टीफन्स आणि हॉलंड या दोघांनी टेक्सासमध्येच लावला आणि १९५४ साली प्रसिद्ध केला. ही गोष्ट मी माझ्या वर्गात सांगितली तेव्हा टेक्सासच्या मुलांनाही ती नवी होती.

फोडणी मात्र खिडकी उघडून, पंखा लावून द्या. धुराची घंटा वाजली की सगळ्या इमारतीला बाहेर यावं लागतं.

६. वारा, बस, बंदूक.

लबकमध्ये उन्हाळ्याच्या तोंडाशी धुळीची वादळं येतात, आकाश विटकरी होतं. थंडीत पारा शून्याखाली जातो, जाड कोट इथंच घ्या. विद्यापीठाचं ओळखपत्र दाखवलं की सिटीबसला पैसे पडत नाहीत, त्यामुळं घर बसमार्गावर पाहा. टेक्सासच्या सरकारी विद्यापीठांत ऑगस्ट २०१६ पासून परवानाधारकांना लपवून पिस्तूल बाळगता येतं. आईला हे मी सांगितलं. तिला ते दुसऱ्या कोणाकडून कळायला नको होतं. आरोग्य विमा सक्तीचा आहे आणि दवाखान्यात पाऊल ठेवण्याआधी तो नेमकं काय भरून देतो ते विचारायचंच.

७. कामाचे तास.

सत्र चालू असताना विद्यापीठाच्या आवारात आठवड्याला २० तासांपर्यंतच काम करता येतं. बाहेर, रोखीनं, ओळखीच्या दुकानात काम करायचं कोणी सुचवलं तर नाही म्हणा. व्हिसा जाऊ शकतो, आणि मागं कर्ज असतं. वर्ध्यात जन्मलेले पांडुरंग खानखोजे गेल्या शतकाच्या सुरुवातीला ओरेगनच्या कृषी महाविद्यालयात शिकले ते मोलमजुरी करून. पुढं त्यांनी मेक्सिकोच्या चापिंगो इथल्या कृषिशाळेत शिकवलं, मक्यावर काम केलं. त्यांचा काळ वेगळा, कायदे वेगळे. त्यांच्याकडून घ्यायचं ते शेतीचं वेड.

८. यंत्राचा हेवा वाटला नाही. विम्याचा वाटला.

गावाकडून येणाऱ्यांना इथलं वेचणीयंत्र पाहायचं असतं. एकाच फेरीत कित्येक ओळींची बोंडं ओढून घेतं आणि कापसाचे प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले गोल गठ्ठे मागं टाकत जातं. पाहताना माझ्या मनात आमच्याकडच्या वेचणाऱ्या बाया होत्या. तीन-चार वेच्यांत, बोंड फुटेल तसा, स्वच्छ कापूस त्या काढतात. इथल्या प्रयोगशाळेत धाग्याची लांबी, जाडी, ताकद मोजताना मला कळलं की हातवेचणीच्या कापसात धाग्याला किती कमी इजा होते. त्या कौशल्याचा दर त्यांना किलोमागं काही रुपये मिळतो.

विम्याची गोष्ट वेगळी. २०२२ च्या दुष्काळात टेक्सासमध्ये पेरलेल्या कापसापैकी निम्म्याहून जास्त क्षेत्र न वेचता सोडून द्यावं लागलं. इथलाही बराच कापूस पावसावरच आहे, आणि जमिनीखालचा ओगलाला जलसाठा वर्षानुवर्षं खाली चालला आहे. तरी बहुतेक शेतकरी पुढच्या वर्षी पेरायला उभे राहिले, कारण विमा त्यांच्या स्वतःच्या शेताच्या मागच्या उत्पन्नावर मोजला जातो. आपल्याकडं अख्ख्या महसूल मंडळाची सरासरी धरतात. माझ्या एकटीच्या शेतात पिकलं नाही आणि मंडळाची सरासरी बरी राहिली, तर त्या सरासरीच्या हिशेबात मला काही नाही. शिकून परत जाईन तेव्हा मला यावर काम करायचं आहे. पदवीनंतर इथं वर्षभर, आणि विज्ञान शाखेला आणखी दोन वर्षं कामाची परवानगी मिळते. कर्ज फेडण्यासाठी ती मी घेणार आहे, आणि हे घरी स्पष्ट सांगितलेलं आहे.

९. येणाऱ्यांसाठी तारखा.

ऑगस्टचं सत्र धरायचं असेल तर आदल्या वर्षी पोळ्याच्या सुमारास प्राध्यापकांना पत्रं गेलेली असावीत. इंग्रजीची परीक्षा दसऱ्याआधी उरकून घ्या. त्यानंतर वेचणी सुरू होते, घरात प्रत्येक हात लागतो आणि अभ्यास राहतो. अर्ज डिसेंबर-जानेवारीपर्यंत जातो. शिफारसपत्रं देणाऱ्या सरांना महिनाभर आधी सांगा, सोबत आपली एक पानी माहिती द्या, आणि आठवड्यानं पुन्हा विचारा. आपल्या कॉलेजातले सर कामात बुडालेले असतात. विचारलं तर देतात.