गणितही ठेवा, जीवशास्त्रही ठेवा

अकरावीचे प्रवेश सुरू झाले की घरोघरी तोच प्रश्न असतो. डॉक्टर व्हायचं नसेल तर जीवशास्त्र कशाला? इंजिनिअरिंग नको असेल तर गणिताचा ताण कशाला? पालकांची काळजी मला समजते, पण ही घाई मला पटत नाही. दोन्ही विषय भक्कम लागतील अशी कामं आहेत. सांडपाणी शुद्ध करणाऱ्या जिवाणूंची संगणकावर मॉडेलं बनवणं हे त्यातलंच.

सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात, म्हणजे एसटीपीमध्ये, खरं काम जिवाणू करतात. हवा सोडलेल्या टाकीत ते घाण खातात, वाढतात, एकमेकांना चिकटून पुंजके करतात आणि पुढच्या टाकीत तळाशी बसतात. ऑपरेटर टाकीतलं लिटरभर पाणी मोजपात्रात घेऊन 30 मिनिटं ठेवतो आणि गाळ किती बसला ते बघतो. कधी कधी तो बसतच नाही. प्राणवायू कमी पडला की तंतूसारखे जिवाणू माजतात, पुंजक्यातून बाहेर पसरतात आणि गाळ कापसासारखा फुगून राहतो. मग शुद्ध झालेल्या पाण्याबरोबर तोही नदीत जातो.

या टाकीतल्या घडामोडींचं गणित मांडणारं, 1987 मध्ये आलेलं एएसएम-1 हे मॉडेल 13 घटक आणि 8 प्रक्रिया समीकरणांत बांधतं. पुंजक्याची घडण मात्र त्यात दिसत नाही. त्यासाठी एकेका जिवाणूचा हिशेब ठेवणारी मॉडेलं आली: त्याला अन्न किती मिळालं, तो कधी दुभंगला, शेजाऱ्याला कुठे ढकललं. नेदरलँड्सच्या डेल्फ्ट विद्यापीठात मार्क व्हान लूसड्रेख्त यांच्या गटाने अशी मॉडेलं आणि प्रयोग बरोबरीने चालवले. झटकन तळाशी बसणाऱ्या दाणेदार गाळाचं तंत्रही याच गटाने घडवलं. 2018 चा स्टॉकहोम जल पुरस्कार व्हान लूसड्रेख्त यांना संशोधक ब्रूस रिटमन यांच्यासह मिळाला.

‘जिवाणूंचं मॉडेलिंग’ अशा नावाची नोकरीची जाहिरात सहसा दिसणार नाही, हे पालकांनी आधीच लक्षात घ्यावं. कामं असतात ती एसटीपीची रचना करणाऱ्या आणि ते चालवणाऱ्या कंपन्यांत, नागपूरच्या नीरी या पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेसारख्या ठिकाणी, विद्यापीठांत. संशोधनात जायचं तर पीएचडीपर्यंतची तयारी हवी. बारावीला पीसीएमबी (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित, जीवशास्त्र) घेतलं तर सीईटीचे दोन्ही गट देता येतात. पुढे सिव्हिल, केमिकल किंवा बायोटेक, कुठूनही या वाटेला लागता येतं. एम.टेक. प्रवेशाच्या गेट परीक्षेत 2021 पासून पर्यावरण विज्ञान व अभियांत्रिकीचा स्वतंत्र पेपर आहे आणि आयआयटी मुंबईत या विषयाचा विभागही आहे. पदवीच्या काळात कॅलक्युलस पक्कं करा, पायथन शिका. न्यूकॅसल विद्यापीठाचं न्यूफेब हे जिवाणूंच्या मॉडेलिंगचं सॉफ्टवेअर मोफत मिळतं. प्राणवायू कमी-जास्त करून पुंजका कसा बदलतो, ते त्यात स्वतः करून बघा.