नाद पाहणारा चित्रकार : कँडिन्स्की

ग्रंथालयातील एका पुस्तकात कँडिन्स्कीचे चित्र प्रथम पाहिले, तेव्हा ते उलटे तर छापले नाही ना, अशी मला शंका आली. कोणाला विचारण्याची लाज वाटली. आमच्या घरात चित्रकलेचे पुस्तक कधी आले नाही, म्हणूनच आपल्याला हे कळत नाही, अशी मी मनाची समजूत घातली.

वासिली कँडिन्स्की (१८६६–१९४४) मूळचा मॉस्कोचा. कायदा व अर्थशास्त्र शिकलेल्या या माणसाने १८९६ साली, वयाच्या तिसाव्या वर्षी, चालून आलेली प्राध्यापकी नाकारली आणि चित्रकला शिकण्यासाठी म्यूनिक गाठले. त्यापूर्वी मॉस्कोत वाग्नरचे 'लोहेनग्रिन' ऐकताना त्याला डोळ्यांपुढे रंग दिसले होते. तो स्वतः चेलो व पियानो वाजवी.

२ जानेवारी १९११ रोजी त्याने म्यूनिकमध्ये शोनबर्गचे संगीत ऐकले आणि लगेच 'इम्प्रेशन ३ (कॉन्सर्ट)' रंगविले. त्यात काळा पियानो व श्रोते अजून ओळखू येतात. पण चित्र व्यापून टाकले आहे ते पिवळ्या रंगाने. संगीत कोणत्याही वस्तूची नक्कल न करता मनाला भिडते, मग रंग आणि रेषा का भिडणार नाहीत, असा त्याचा प्रश्न होता. 'इम्प्रोव्हिझेशन', 'कॉम्पोझिशन' ही चित्रांची नावेही त्याने संगीतातूनच घेतली.

त्याची मुद्राचित्रे मला अधिक जवळची वाटतात. 'क्लेंगे', म्हणजे 'नाद', या पुस्तकात त्याच्या गद्यकवितांसोबत ५६ काष्ठठसे आहेत. लाकडाचा कोरून काढलेला भाग कागदावर कोरा राहतो, उरलेला शाई घेतो. दोन आघातांमधल्या शांततेलाही तालात जागा असते, तशीच ही कोरी जागा. १९२२ च्या 'लहान विश्वे' या बारा मुद्राचित्रांच्या संचात त्याने काष्ठठसा, शिळाछाप आणि धातूच्या पत्र्यावरील सुईचे कोरीवकाम, अशा तिन्ही पद्धती वापरल्या.

दिवाळीच्या सुटीत ते पुस्तक मी घरी नेले. माझे वडील भजनात पखवाज वाजवतात; त्यांना अक्षरओळख नाही. चित्र पाहून ते म्हणाले, "हे कशाचं रे?"

मी विचारले, "आबा, तुमच्या 'धा'चा अर्थ काय?"

ते हसले. "अर्थ कशाला? हात नीट पडला की कळतं."

मग त्यांनी पुस्तक पुन्हा मागून घेतले आणि बराच वेळ पाहत बसले. एका काळ्या रेघेवर बोट ठेवून म्हणाले, "ही जोरात आहे."

परीक्षेत मी याहून चांगले उत्तर लिहू शकेन, असे मला वाटत नाही.