पिकअप बदलण्याआधी

गिटारचा आवाज मनासारखा येईना की पहिला संशय पिकअपवर जातो. बऱ्याचदा तो चुकीचा असतो, आणि दुकानदाराला नेमका तोच हवा असतो. माझ्या गिटारला दोन सिंगल कॉइल आणि ब्रिजपाशी एक हमबकर. गणपतीत ऑर्केस्ट्राबरोबर वाजवताना ब्रिजचा आवाज किरटा यायचा. दुकानात सल्ला मिळाला, “हा आठ किलोओहमचा आहे साहेब, सोळाचा घ्या. डबल ताकद!”

सोळाचा आला, तिथल्याच कारागिराने बसवला. तालमीत लावला तर जुन्यापेक्षा मरतुकडा, वर घुरघुर. प्रत्येक कंपनीचे वायरींचे रंग वेगळे असतात. सेमूर डंकनची काळी वायर हॉट, तर डिमार्झिओची लाल. कारागिराने दुसऱ्याच कंपनीचा तक्ता समोर ठेवून सोल्डर मारला होता, त्यामुळे दोनपैकी एकच कॉइल जागी होती. हे ओळखायला सोपं आहे. अँप चालू ठेवून स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने दोन्ही कॉइलच्या खिळ्यांवर हलकेच टिचकी मारा. दोन्हीकडून सारखा ‘टक’ ऐकू आला पाहिजे. पैसे देण्याआधी, दुकानातच.

वायरिंग दुरुस्त झालं. डिस्टॉर्शनमध्ये आवाज दणदणीत, पण क्लीनवर कॉर्ड धरली की सगळे सूर एकमेकांत कालवलेले. मधल्या सिंगल कॉइलवर स्विच फिरवला की आवाज एकदम खाली, मग ऐन गाण्यात व्हॉल्यूमची धावपळ.

किलोओहम हे ताकदीचं माप नाही. तो फक्त कॉइलच्या तांब्याच्या तारेचा रोध आहे. 42 गेजऐवजी त्याहून बारीक 43 गेजची तार वापरली तर तेवढ्याच वेढ्यांत आकडा वाढतो. खरोखर वेढे वाढवले तर आउटपुट वाढतं, पण वरच्या पट्टीची धार बोथट होते. शिवाय चुंबक अल्निको आहे की सिरॅमिक, यानेही फरक पडतो. म्हणून नुसता आकडा सांगून माल खपवणाऱ्यापासून चार हात लांब राहावं.

शेवटी आमचे बेसवाले काका म्हणाले, “अरे, जुना लाव परत, आणि आधी उंची बघ की!” शेवटच्या फ्रेटवर तार दाबायची आणि तारेच्या खालच्या कडेपासून पिकअपच्या खिळ्यापर्यंतचं अंतर स्टीलच्या पट्टीने मोजायचं. हमबकरला ब्रिजपाशी साधारण दीड मिलिमीटर, नेकपाशी अडीचच्या आसपास, ही सुरुवात. पुढे कानाने ठरवायचं. माझा ब्रिज पिकअप खोल बसला होता आणि नेकचा तारांना चिकटायला आला होता. सिंगल कॉइल फार वर घेतला तर त्याचे चुंबक तारा ओढतात, वरच्या फ्रेटवर सूर डगमगतो आणि ट्यूनर हाती घेऊन माणूस वेडा होतो. दोन स्क्रू फिरवल्यावर किरटेपणा बराचसा गेला. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, अशातली गत.

उरलेला तिखटपणा व्हॉल्यूमच्या पॉटने काढला. सिंगल कॉइलला सहसा 250 किलोओहमचा आणि हमबकरला 500 चा पॉट लावतात. 250 चा लावला की आवाज थोडा मवाळ होतो. पुण्यात तापकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर पॉट शोधा. नव्या पिकअपपुढे हा खर्च किरकोळ.

तक्रार घुरघुरीची असेल तर गोष्ट वेगळी. सिंगल कॉइल विजेच्या वायरिंगमधली 50 हर्ट्झची गुणगुण पकडतोच. हाच त्रास घालवायला गिब्सनच्या सेथ लव्हर यांनी 1955 मध्ये उलटसुलट जोडलेल्या दोन कॉइलचा हमबकर बनवला. पण मांडवात अर्थिंगच धड नसेल, शेजारी लायटिंगचे डिमर असतील, तर आधी तिकडे बघा. गिटारच्या पोकळीत तांब्याची पट्टी चिकटवून शील्डिंग करा. तरीही सिंगल कॉइलच्याच जागेत शांतता हवी असेल, तर एकावर एक कॉइल रचलेले पिकअप मिळतात.

एवढं करूनही बदलायचाच असेल, तर ब्रिजवर पहिल्या आणि सहाव्या तारेतलं अंतर मोजून जा. गिब्सन पद्धतीचा हमबकर 50 मिलिमीटरच्या आसपास असतो, फेंडर पद्धतीच्या गिटारला साधारण 53 लागतो. ॲक्टिव्ह पिकअपला 9 व्होल्टची बॅटरी आणि बहुधा 25 किलोओहमचे पॉट लागतात, म्हणजे आत जागा हवी. लाकूड कोरायची वेळ येणार असेल तर माझं मत साफ आहे: दुसरी गिटार बघा.

आणि जुना पिकअप काढताना त्याच्या वायरी मध्येच कापू देऊ नका. पॉटपाशी सोल्डर सोडवून घ्या, जोडणीचा फोटो काढा, स्क्रू-स्प्रिंगसकट डबीत ठेवा. तोकड्या वायरीचा पिकअप विकायला गेलात तर गिऱ्हाईक भाव पाडतो, आणि परत बसवायचा झाला तर वायरीला वायर जोडत बसावं लागतं.