आपल्यानंतर काय? प्रौढ विकासात्मक दिव्यांग व्यक्तींचे घर आणि समाजातील स्थान

कुटुंबांसाठी व रुग्णालयात येणाऱ्या नागरिकांसाठी माहितीपत्रक : तंजावर जिल्हा

आपल्या घरात बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी अथवा डाऊन सिंड्रोम असलेली प्रौढ व्यक्ती असेल, तर "आमच्यानंतर हिचे कसे होईल?" हा प्रश्न आपल्या मनात अनेकदा आला असेल. बहुतेक कुटुंबांत तो पुढे ढकलला जातो. मग एके दिवशी आईलाच रुग्णालयात दाखल करावे लागते आणि आईवाचून एकही रात्र न काढलेल्या चाळीस वर्षांच्या मुलाची सोय तासाभरात ठरवावी लागते. अशा घाईत घेतलेला निर्णय सहसा हिताचा ठरत नाही. आई-वडील सशक्त असतानाच ही तयारी सुरू करावी, हे सांगण्यासाठी हे पत्रक आहे.

कोंडून ठेवणे म्हणजे सुरक्षा नव्हे

६ ऑगस्ट २००१ रोजी रामनाथपुरम जिल्ह्यातील एरवाडी येथे एका खासगी निवासाला आग लागली. तेथील २८ मनोरुग्ण साखळदंडांनी बांधलेले असल्यामुळे पळू शकले नाहीत व मृत्युमुखी पडले. मानसिक आजार आणि विकासात्मक दिव्यांगत्व या भिन्न गोष्टी आहेत. परंतु या दुर्घटनेचा धडा दोहोंना लागू आहे. कडी लावलेली खोली, बांधलेले हातपाय आणि कोणी भेटायला न येणारी वास्तू यांत माणूस सुरक्षित नसतो. ज्याला शेजारी ओळखतात आणि तो दोन दिवस दिसला नाही तर विचारपूस करतात, त्याचे रक्षण अधिक चांगले होते.

तंजावरला हा विचार परका नाही. मराठा राजांच्या काळातील छत्रांत वाटसरूंप्रमाणेच आजारी व निराधार माणसांनाही अन्न व आसरा मिळत असे. ओरत्तनाडूचे मुक्तांबाळ छत्र त्याची साक्ष देते. आज केवळ आसरा पुरेसा नाही. त्यासोबत स्वतःच्या इच्छेने जगण्याचा अधिकारही हवा.

कायदा काय सांगतो?

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ५ नुसार दिव्यांग व्यक्तीस समाजात राहण्याचा हक्क आहे. तिला विशिष्ट ठिकाणीच राहण्याची सक्ती होऊ नये आणि घरी, निवासी केंद्रात व वस्तीत साहाय्यसेवा मिळाव्यात, यासाठी शासनाने प्रयत्न करावयाचे आहेत. याच अधिनियमानुसार शासकीय गृहनिर्माण योजनांत लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या व्यक्तींसाठी पाच टक्के आरक्षण असून त्यांतील स्त्रियांना प्राधान्य आहे.

राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ हा स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता व बहुविकलांगता असलेल्या व्यक्तींसाठी आहे. अठरा वर्षांनंतर पालकत्वाची आवश्यकता भासल्यास जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करता येतो. न्यासाच्या 'निरामय' योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्यविमा संरक्षण आहे. 'समर्थ' व 'घरौंदा' या योजना निवासासंबंधी आहेत.

घराचे पर्याय

*स्वतःचे घर, साहाय्यासह.* व्यक्ती भावंडांजवळ अथवा ओळखीच्या गल्लीत राहते आणि ठरावीक वेळी साहाय्यक येतो. परिचित वातावरण टिकते, हा याचा मोठा लाभ.

*लहान सामूहिक घर.* काही जण साहाय्यकासह वस्तीतील साध्या घरात राहतात. पुणे जिल्ह्यात मुळशी तालुक्यातील कोळवण येथे 'साधना व्हिलेज' या संस्थेत बौद्धिक अक्षमता असलेले प्रौढ गृहमातांसोबत कुटुंबाप्रमाणे राहतात. बदलापूरची 'आधार' ही संस्था तर पालकांनीच एकत्र येऊन उभारली.

*अल्पकालीन निवास.* पालकांचे आजारपण, प्रवास अथवा विश्रांती यांसाठी काही दिवसांची सोय.

कोणतेही निवासस्थान निवडताना पूर्वसूचनेविना भेट देता येते का, हे आधी विचारावे. रात्री किती कर्मचारी असतात, आग लागल्यास बाहेर पडण्याचे मार्ग कोणते, आणि रहिवाशांना स्वतःचे कपडे, जेवण व दिनक्रम निवडता येतो का, हेही पाहावे. भेटीस नकार देणारे ठिकाण टाळावे.

घराबाहेरची जागा

शिवगंगा उद्यान, वाचनालय, देवालयाचे प्रांगण, भाजीबाजार ही सर्वांची ठिकाणे आहेत. उतरता मार्ग, चित्रांसह पाट्या, बसण्यासाठी शांत कोपरा आणि कमी गर्दीची वेळ एवढ्या सोयींनीही पुष्कळ फरक पडतो. शेजाऱ्यांनी व्यक्तीशी तिच्या वयाला शोभेल असे बोलावे आणि उत्तरासाठी थोडे थांबावे. तीस वर्षांच्या माणसाला बाळ समजू नये.

आरोग्याकडे लक्ष

वागण्यात अचानक झालेला बदल "त्याचा स्वभावच तसा" म्हणून सोडून देऊ नये. दातदुखी, कानदुखी, बद्धकोष्ठता अथवा ताप शब्दांत सांगता न आल्यास तो चिडचिडीतून प्रकट होतो. डाऊन सिंड्रोम असलेल्यांची थायरॉइड, दृष्टी व श्रवण यांची नियमित तपासणी करावी. त्यांच्यात चाळिशीनंतरच विस्मरणाचा आजार दिसू शकतो. आकडीची औषधे वैद्यकीय सल्ल्याविना थांबवू नयेत. आकडी पाच मिनिटांहून अधिक टिकल्यास १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी.

काळजी घेणाऱ्यांनी स्वतःलाही जपावे. मनावर ताण असह्य झाल्यास 'टेली मानस'च्या १४४१६ या क्रमांकावर निःशुल्क बोलता येते.

आजपासून काय करावे?

१. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र व ओळखपत्र (यूडीआयडी) काढावे. जिल्हा दिव्यांग कल्याण कार्यालयाच्या पाटीवर तमिळमध्ये 'माट्रुत्तिरनाळि' हा शब्द दिसेल. मासिक निर्वाह साहाय्याची चौकशी तेथेच करावी.

२. एक ओळखवही तयार करावी. तीत औषधे, आवडते अन्न, भीती वाटणाऱ्या गोष्टी व वेदनेच्या खुणा लिहाव्यात. घरी मराठी बोलली जात असल्यास, तहान, भूक, दुखणे व शौच यांसाठी ती व्यक्ती वापरत असलेले शब्द तमिळ अर्थासह नोंदवावेत. अन्यथा उद्या तमिळ साहाय्यकापुढे ती पाणी मागेल आणि कोणालाच कळणार नाही.

३. दुरावण्याचा सराव हळूहळू करावा. प्रथम मावशीकडे दोन तास, नंतर एक दिवस, मग एक रात्र.

४. भावंडांवर जबाबदारी गृहीत धरू नये. त्यांच्याशी मोकळेपणाने बोलून कोण काय करील ते लिहून ठेवावे.

५. सर्वप्रथम त्या व्यक्तीलाच विचारावे. शब्द नसतील तर छायाचित्रे दाखवावीत, प्रत्यक्ष घर दाखवावे आणि चेहरा वाचावा. कोठे व कोणासोबत राहावे, याविषयी तिचेही मत असते.

पुढील भेटीत आपल्या डॉक्टरांना ही वही दाखवावी आणि "आमच्यानंतर" हा विषय आपणच काढावा.