वीजवाहिनीपलीकडचे काम : यंत्र-अवजारांसाठी फिरत्या जनित्राची निवड

मणिपूरच्या सेनापती जिल्ह्यातील लेसांग हे गाव २८ एप्रिल २०१८ रोजी वीजजाळ्याशी जोडले गेले आणि देशातील सर्व वस्ती असलेल्या गावांचे विद्युतीकरण पूर्ण झाल्याचे केंद्र सरकारने जाहीर केले. परीक्षार्थींना ही तारीख पाठ असते. तिच्यामागील व्याख्या मात्र पुष्कळदा निसटते. २००४ पासून लागू झालेल्या व्याख्येनुसार गावातील किमान १० टक्के घरांत आणि शाळा, पंचायत कार्यालय, आरोग्य केंद्र यांसारख्या सार्वजनिक ठिकाणी वीज पोहोचली की ते गाव विद्युतीकृत मानले जाते. सप्टेंबर २०१७ मध्ये सुरू झालेल्या सौभाग्य योजनेने पुढे घर हा घटक धरला. परंतु गाव किंवा घर म्हणजे कामाची जागा नव्हे. लडाखच्या चांगथांग पठारावर छत उभारणारा सुतार आणि सुंदरबनात खाडीकाठी नाव दुरुस्त करणारा कारागीर यांचे काम जवळच्या मीटरपासून कित्येक किलोमीटर दूर चालते. तेथे विजेवरची करवत चालवायची तर जनित्र सोबत न्यावे लागते.

हा केवळ तांत्रिक प्रश्न नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुतार, लोहार, गवंडी, नौकाबांधणी करणारे अशा १८ व्यवसायांतील कारागिरांना अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत प्रोत्साहन आणि दोन टप्प्यांत ३ लाख रुपयांपर्यंत सवलतीचे कर्ज देण्याची तरतूद आहे. अवजार मिळाले, परंतु जनित्र चुकीचे निवडले, तर कर्जाचा हप्ता चालू राहतो आणि करवत पडून राहते. असे का घडते, हे समजण्यास दहावीचे भौतिकशास्त्र पुरेसे आहे.

पाटीवरचा आकडा आणि हाती येणारी शक्ती

जनित्राच्या पाटीवर बहुधा दोन आकडे असतात : कमाल शक्ती आणि सलग देता येणारी शक्ती. विक्रेता पहिला सांगतो. निवड दुसऱ्यावरून करावी. किलोवॅट आणि केव्हीए यांतील फरकही येथेच लक्षात घ्यावा. केव्हीएला शक्तिगुणकाने गुणले की किलोवॅट मिळतात. शक्तिगुणक ०.८ असेल तर ३ केव्हीएचे जनित्र २.४ किलोवॅटच देते.

खरी मेख आहे ती आरंभीच्या विद्युतधारेत. ड्रिल, ग्राइंडर, हातातील गोल करवत यांत कार्बन ब्रश असलेली मोटर असते. सुरू होताना ती नेहमीच्या दोन-तीन पट धारा क्षणभर ओढते. हवेचा कंप्रेसर किंवा पाण्याचा पंप यांत प्रवर्तन मोटर असते आणि तिची भूक त्या क्षणी पाच-सहा पटींपर्यंत जाते.

उदाहरण घेऊ. एका पथकाकडे १,२०० वॅटची करवत, ६०० वॅटचे ड्रिल आणि १ अश्वशक्तीचा कंप्रेसर आहे. १ अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. बेरीज २,५४६ वॅट. तेव्हा ३ किलोवॅटचे जनित्र पुरेल, असे वाटते. या हिशेबात दोन चुका आहेत. ७४६ वॅट ही मोटरच्या दांड्यावर मिळणारी शक्ती होय. ७० टक्के कार्यक्षमता धरली तर मोटर सुमारे १,०६६ वॅट ओढते. शक्तिगुणक ०.७५ मानल्यास २३० व्होल्टवर ही धारा ६.२ अँपिअर होते. दुसरी चूक अधिक गंभीर आहे. पाचपट धरली तरी कंप्रेसर सुरू होताना ३१ अँपिअर मागतो आणि ३ किलोवॅटचे जनित्र सलग १३ अँपिअरच देऊ शकते. व्होल्टता कोसळते, मोटर फिरत नाही, नुसती गुरगुरते, आणि तशीच ठेवली तर तिची गुंडाळी जळते.

यावर दुप्पट मोठे जनित्र घेणे हा एक उपाय झाला, पण तो महागडा आहे. टाकीतील दाब सोडून कंप्रेसर सर्वप्रथम आणि एकटाच सुरू करून पाहावा. खिळे ठोकण्यापुरताच तो लागत असेल, तर त्याला कामावर न नेणे हेच शहाणपणाचे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

उंचीचा परिणाम

समुद्रसपाटीपासून जसजसे वर जावे तसतशी हवा विरळ होते आणि इंजिनाला प्राणवायू कमी मिळतो. साध्या पेट्रोल इंजिनाची शक्ती दर १,००० मीटरमागे सुमारे १० टक्क्यांनी घटते, असा व्यवहारातील ठोकताळा आहे. चांगथांगमध्ये ४,००० मीटर उंचीवर ३ किलोवॅटचे जनित्र जेमतेम १.८ किलोवॅट देईल. म्हणजे करवत आणि ड्रिल यांची बेरीज तेवढीच, शिल्लक काहीच नाही. विरळ हवेत कार्ब्युरेटरमधून येणारे मिश्रणही पेट्रोलने जड होते आणि स्पार्क प्लगवर काजळी धरते. उंचीसाठीचा लहान जेट बसवल्याने मिश्रण सुधारते. गेलेली शक्ती सगळी परत येत नाही.

डिझेलचे इंजिन एका लिटरमागे अडीच-तीन युनिट वीज देते, पेट्रोलचे लहान जनित्र दीड ते दोन. परंतु डिझेल जनित्राचे वजन फार. पायवाटेने ते नेणार कोण? शिवाय कडाक्याच्या थंडीत साधे डिझेल गोठू लागते. त्यामुळेच लडाखसाठी उणे ३३ अंश सेल्सिअसपर्यंत प्रवाही राहणारे हिवाळी डिझेल नोव्हेंबर २०१९ मध्ये उपलब्ध करण्यात आले.

वेग, वारंवारता आणि खर्च

वारंवारता = ध्रुवांची संख्या × दर मिनिटाचे फेरे ÷ १२०, हे सूत्र आठवावे. दोन ध्रुवांच्या जनित्राला ५० हर्ट्झसाठी ३,००० फेरे सतत घ्यावे लागतात, मग त्यावर करवत चालो वा एखादा दिवा. हलक्या भारावर म्हणूनच इंधन वाया जाते आणि एका लिटरमागे जेमतेम एक युनिट हाती पडते. पेट्रोल १०० रुपये लिटर धरले, तर योग्य भारावर युनिटला ५० ते ६७ रुपये आणि हलक्या भारावर १०० रुपयांपर्यंत खर्च येतो. ‘मोठे घ्या, कामाला येईल’ हा सल्ला येथे फसतो.

इन्व्हर्टर जनित्रात भारानुसार वेग कमी-अधिक होतो आणि वारंवारता इलेक्ट्रॉनिक मंडल सांभाळते. त्याचा आवाज कमी, इंधन कमी. मात्र आरंभीची मोठी धारा देण्याची ताकदही बेताची. बॅटरीवरच्या अवजारांना ते उत्तम. १८ व्होल्ट, ५ अँपिअर-तासाच्या बॅटरीत ९० वॅट-तास ऊर्जा मावते. भरतानाचा ऱ्हास धरूनही एका लिटर पेट्रोलवर अशा डझनभर बॅटऱ्या भरतात. लडाखसारख्या स्वच्छ उन्हाच्या प्रदेशात तर ३०० वॅटचे एक सौर पॅनेल दिवसाला सुमारे एक युनिट देते आणि जनित्र फक्त करवतीपुरते उरते.

जनित्र बाहेरच

थंडी, पाऊस किंवा चोरीच्या भीतीने जनित्र अर्धवट बांधलेल्या खोलीत ठेवले जाते. ही चूक जीवघेणी आहे. धुरातील कार्बन मोनॉक्साईडला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक आसक्तीने जोडला जातो. डोके दुखणे आणि मळमळ ही लक्षणे उंचीवरच्या आजारातही दिसतात. त्यामुळे पठारावर धोका ओळखूच येत नाही. जनित्र उघड्यावर, दारे-खिडक्यांपासून दूर, वाऱ्याच्या खालच्या बाजूस ठेवावे.

अंतर वाढले की वायर लांबते. १.५ चौरस मिलिमीटर जाडीच्या ५० मीटर तांब्याच्या वायरीत १० अँपिअर धारेला सुमारे १२ व्होल्ट खर्ची पडतात, २.५ चौरस मिलिमीटरच्या वायरीत सात-साडेसात. जाड वायरीचा खर्च टाळू नये.

सरावासाठी : वरील पथक कंप्रेसर न नेता २,००० मीटर उंचीवर काम करणार आहे. करवत व ड्रिल एकाच वेळी चालवायचे असून जनित्राच्या तेथील क्षमतेपैकी २० टक्के राखीव ठेवायची आहे. समुद्रसपाटीवर किती सलग क्षमतेचे जनित्र घ्यावे? (१.८ ÷ ०.८ = २.२५, २.२५ ÷ ०.८ = सुमारे २.८ किलोवॅट.)